टरफलांची रांगोळी

जूनचा तिसरा आठवडा उजाडला, पहिली चार झड लागली, की वर्तमानपत्रांच्या बागकाम सदरांतून, कृषिविषयक पत्रकांतून आणि हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून एक यादी नेमाने आपल्या भेटीला येते. शीर्षक ठरलेले: ‘गोगलगायींवर नैसर्गिक उपाय’. वाफ्याभोवती अंड्यांची टरफले चुरून टाका. चुलीतली राख पसरा. कुंडीला तांब्याची पट्टी गुंडाळा. मिठाची रेघ ओढा. बशीत बिअर ठेवा. आणि शेवटी, निसर्गातल्या मित्रजीवांना बागेत बोलवा. यादी बहुधा दहा कलमांची असते, कारण सदराची जागा तेवढीच असते.

ही यादी शाळांपर्यंत पोचली आहे. परसबाग असलेल्या शाळेत ती फलकावर लावलेली दिसते, विज्ञान प्रदर्शनात तिचा तक्ता होतो आणि त्या तक्त्याला कधी बक्षीसही मिळते. म्हणून ती एकदा नीट तपासावी असे वाटले. यादी लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती ‘उपाय लागू पडला’ हे कसे ठरवले जाते याबद्दल.

आधी स्वतःची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या पालकाच्या वाफ्याभोवती टरफलांची छान पांढरी रांगोळी काढली. मुलांनी घरोघरून टरफले आणली, वाळवली, कुटली. चार-पाच दिवसांत गोगलगाई दिसेनाशा झाल्या. मुले खूश, मीही खूश. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पलीकडच्या मिरचीच्या वाफ्याला आपण काहीच घातलं नव्हतं, तिथल्या कुठे गेल्या?” तिथेही एक नव्हती. त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. जमीन सुकली की गोगलगाय दगडाखाली किंवा मातीत जाऊन शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून घेते. आमच्या रांगोळीने जे केले असे आम्ही समजत होतो, ते उन्हाने केले होते. पुन्हा पाऊस लागला आणि रांगोळीवरून चालत सगळ्या परत आल्या.

टरफलांमागची कल्पना अशी, की अणकुचीदार कडांवरून मऊ अंगाच्या प्राण्याला सरपटता येणार नाही. आपल्या पायाला टोचते, म्हणून तिलाही टोचेल! पण गोगलगाय जमिनीवर चालतच नाही, ती स्वतःच्या चिकट स्रावाच्या थरावर चालते. हा थर ती पुढे पुढे अंथरत जाते, आणि त्यावरून पातीच्या धारेवरही ती सुखरूप जाऊ शकते. शिवाय शंख वाढवायला तिला कॅल्शियम लागते. मोठी आफ्रिकी गोगलगाय चुना लावलेल्या भिंती खरवडताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अंड्याचे टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. तेव्हा शंखी गोगलगायीपुढे टरफले टाकणे म्हणजे तिला अडवणे कमी आणि पाहुणचार जास्त.

राख आणि चुनकळी यांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. कोरडी राख स्राव शोषून घेते आणि गोगलगायीला ती खरोखरच नकोशी असते. पण ज्या रात्री राख कोरडी राहते, त्या रात्री गोगलगाय मुळात बाहेर पडत नाही. ज्या रात्री ती बाहेर पडते, त्या रात्री राखेचा चिखल झालेला असतो. मृगाच्या पावसात राखेचा बांध किती तास टिकेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मिठाचे तर विचारूच नका. परासरणाने गोगलगायीच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ती तडफडून मरते हे खरे. पण तेच मीठ वाफ्यातल्या मुळांशीही तसेच वागते. बटाट्याच्या फोडीवर परासरण दाखवता येत असताना जिवंत प्राण्यावर मीठ टाकून मुलांना ते दाखवावे, हे मला कधी पटले नाही.

इंग्लंडमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफले, तांब्याची पट्टी, बारीक खडी, सालींचे आच्छादन आणि लोकरीच्या गोळ्या हे पाच अडथळे सॅलडच्या पानांभोवती लावून पाहिले. शेजारी काहीही न लावलेली रोपे ठेवली. दोन्हीकडे पाने सारखीच खाल्ली गेली. हा प्रयोग एका हंगामाचा, एका हवामानाचा आहे, म्हणून तो अंतिम निकाल मानू नये. पण त्यात एक गोष्ट होती, जी आपल्या दहा कलमी यादीत कधीच नसते: काही न केलेला वाफा. मराठीत कीड ‘नियंत्रण’ आणि प्रयोगातला ‘नियंत्रण’ गट यांना एकच शब्द आहे. गंमत अशी, की पहिल्याची चर्चा करणारे दुसऱ्याला हमखास विसरतात.

यादीतले एकच कलम या कसोटीला बऱ्यापैकी उतरते, आणि ते म्हणजे आमिष. बिअरची बशी गोगलगायीला ओढते ती दारूमुळे नव्हे, आंबण्याच्या वासाने. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पीठ, पाणी आणि यीस्ट एवढ्यानेच बनवलेल्या पावाच्या आंबवणीकडे अनेक जातींच्या गोगलगाई येतात असे दाखवले. आपल्याकडे शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर टाकतो आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई वेचतो, तेही याच जातीचे. गोणपाट त्यांना मारत नाही, फक्त एका जागी आणते. पुढचे काम हातांनाच करावे लागते. म्हणूनच बहुधा यादीत ते शेवटून दुसरे असते.

आता यादीच्या शेवटच्या कलमाकडे येऊ. मित्रजीव. इतर कलमे निरुपयोगी ठरली तरी निरुपद्रवी आहेत, पण हे कलम तसे नाही.

‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ हे सूत्र राजकारणातही फार काळ टिकत नाही. निसर्गात त्याचा सर्वांत महाग पडलेला प्रयोग गोगलगायींवरच झाला. पूर्व आफ्रिकेतली मोठी गोगलगाय, अकॅटिना फुलिका, माणसाने जगभर नेली. भारतात ती १८४७ मध्ये आली. विल्यम बेन्सन या शंखप्रेमी इंग्रजाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगाई कलकत्त्याच्या एका बागेत सुटल्या. (त्याच कलकत्त्याहून १८७२ मध्ये नऊ मुंगूस जमैकाला उंदीर मारायला गेले आणि त्यांनी तिथे उंदरांखेरीज बरेच काही मारले. एकाच बंदरातून दोन धडे!) हवाईत ही गोगलगाय १९३६ मध्ये पोचली आणि भाजीपाल्याचे नुकसान करू लागली. तेव्हा १९५५ मध्ये फ्लॉरिडातून एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली गेली, तिचे नाव युग्लँडिना रोझिया. ही दुसऱ्या गोगलगायींच्या स्रावाच्या वाटेचा माग काढत जाते, झाडावर चढते आणि लहान भक्ष्य शंखासकट गिळते.

पुढे हवाईत आफ्रिकी गोगलगायींची संख्या काही ठिकाणी घटली. उपाय लागू पडला, असा निष्कर्ष निघाला. वाचकहो, आमच्या पालकाच्या वाफ्याची इथे आठवण ठेवा. आफ्रिकी गोगलगायींवर मोठा ग्रंथ लिहिणारे अल्बर्ट मीड यांनी दाखवले होते, की नव्या मुलखात या प्राण्याची आधी प्रचंड भरती येते आणि नंतर पुष्कळदा आपोआप ओहोटी लागते, बहुधा रोगांमुळे. मग भक्षक सोडलेला असो वा नसो. म्हणजे घट युग्लँडिनामुळे झाली, की होणारच होती, हे सांगायला भक्षक न सोडलेली जागा तुलनेला हवी होती. ती तुलना नीट कुणी केली नाही. टरफलांच्या रांगोळीतली चूक आता बेटांच्या मापाने झाली.

याहून नेमका पुरावा खुद्द अमेरिकेत होता. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन आफ्रिकी गोगलगाई मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. १९६९ मध्ये प्रकार लक्षात आला. १९७५ मध्ये त्या समूळ नष्ट होईपर्यंत सुमारे १८,००० गोगलगाई सापडल्या. मायामी फ्लॉरिडात आहे आणि फ्लॉरिडा हे युग्लँडिनाचे माहेर! माहेरी असताना जिने तीनांच्या हजारो होऊ दिल्या, ती सासरी पराक्रम गाजवेल असे मानायला आधार काय होता? मायामीत काम फत्ते केले ते घरोघर हिंडून वेचणाऱ्या माणसांनी आणि विषारी आमिषांनी. २०११ मध्ये तिथे पुन्हा प्रादुर्भाव झाला, तेव्हाही दहा वर्षे वेचणी, आमिषे आणि वासावरून शोधणारे कुत्रे यांच्या जोरावर २०२१ मध्ये तो आटोपला.

तरीही युग्लँडिनाची कीर्ती पसरत राहिली. फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती बेटावर ती १९७४ मध्ये सोडली गेली आणि शेजारच्या मोरेआवर १९७७ मध्ये. मोरेआच्या जंगलात पार्तुला वंशाच्या सात जाती होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, झाडांवर राहणाऱ्या या गोगलगाई कुजकी पाने आणि शेवाळ खात. पिकांना त्यांचा उपद्रव नव्हता. ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी साठीच्या दशकापासून त्यांच्यावर काम करत होते. एकाच दरीच्या दोन बाजूंना शंखांचे वळण नि पट्टे कसे बदलतात, एका जातीतून दुसरी कशी उगवते, हे पाहण्यासाठी ती जणू उघड्यावरची प्रयोगशाळा होती. युग्लँडिना वर्षाला सुमारे सव्वा किलोमीटर या वेगाने बेटभर सरकत गेली, आणि ती जिथे पोचली तिथून पार्तुला नाहीशी झाली. १९८७ पर्यंत जंगल रिकामे झाले होते. नंतर कुठे कुठे तुरळक अवशेष सापडले, एवढेच. २००३ मध्ये हिशोब मांडला गेला, तेव्हा सोसायटी बेटांवरच्या या कुळातल्या ६१ जातींपैकी अवघ्या पाच निसर्गात उरल्या होत्या.

असे का व्हावे? उत्तर अगदी शालेय गणिताचे आहे. आफ्रिकी गोगलगाय एका खेपेला शे-दोनशे अंडी घालते, कधी त्याहून जास्त. पार्तुला अंडी घालत नाही. ती काही आठवड्यांनी एका पिल्लाला जन्म देते. भक्षकाने दोन्हींची निम्मी प्रजा खाल्ली, तर पहिलीची उणीव एका पावसाळ्यात भरून निघते आणि दुसरीची कधीच नाही. त्यात पूर्ण वाढलेली आफ्रिकी गोगलगाय युग्लँडिनापेक्षा कितीतरी मोठी असते. भक्षकाला सोपे तेच भक्ष्य आवडते, आणि आपण कुणाला ‘कीड’ म्हणतो आहोत हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

उरलेल्या काही पार्तुला संशोधकांनी वेळीच उचलून प्राणिसंग्रहालयांत नेल्या. पार्तुला टर्जिडा या जातीतली शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. इतर काही जातींची पैदास टिकली आणि २०१५ पासून त्यांना पुन्हा बेटांवर सोडण्याचे काम चालू आहे. हवाईच्या ओआहू बेटावरचा अकॅटिनेला हा आख्खा वंश अमेरिकेने १९८१ मध्येच संकटग्रस्त ठरवला होता. त्यांतल्या एका जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी, ज्याला लोक ‘एकाकी जॉर्ज’ म्हणत, १ जानेवारी २०१९ रोजी मेला. हवाईत उंदीर, जंगलतोड आणि शंख जमवण्याचा जुना शौक यांचाही वाटा आहे, सगळा दोष युग्लँडिनावर टाकता येणार नाही. मोरेआत मात्र तिच्यावाचून दुसरा आरोपी शोधावा लागत नाही.

यावरून जैविक कीडनियंत्रणच वाईट, असे कुणी म्हणेल तर तेही टरफलांइतकेच कच्चे विधान होईल. २००८ मध्ये तमिळनाडूत दिसलेल्या पपईवरच्या पिठ्या ढेकणाने पुढे महाराष्ट्रातल्या बागाही पांढऱ्या केल्या. २०१० मध्ये पोर्टोरिकोहून अॅसेरोफॅगस पपायी ही टाचणीच्या टोकाएवढी परोपजीवी गांधीलमाशी बंगळूरच्या संस्थेने आणली, तपासली आणि सोडली. कीड झपाट्याने हटली. फरक कुठे आहे? ही माशी त्या पिठ्या ढेकणाच्याच अंगात वाढते, वाट दिसेल ते खात नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘मित्रकीटक’ हा शब्द नेमका हाच फरक पुसून टाकतो. मित्र कुणाचा, हे विचारण्याआधी तो काय काय खातो हे विचारायला हवे. विद्यार्थ्यांना पाठ करायला देण्याजोगी यादी हवीच असेल, तर ती खाद्याची द्यावी.

युरोपातले बागवान १९९४ पासून फॅस्मरॅब्डिटिस हर्माफ्रोडिटा नावाचा सूत्रकृमी पाण्यातून जमिनीत सोडतात. तो बिनशंखी गोगलगायीच्या पाठीवरल्या आवरणाखाली शिरतो, ती खाणे सोडते आणि थोड्या दिवसांत मरते. थंड, ओलसर मातीत तो चांगला चालतो. मग आपल्याकडे तो का मागवू नये, असा प्रश्न मधूनमधून विचारला जातो. त्याचे एक उत्तर २०१५ मध्ये मिळाले: आफ्रिकी गोगलगायीवर त्याचा परिणाम होत नाही. ती आत शिरलेल्या कृमींना शंखाच्या आतल्या बाजूस चिकटवून कोंडून टाकते. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते काही उगाच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न बागेपुरता नाही. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली, दुबार पेरणीची वेळ आणली. अशा वेळी हताश माणूस कोणताही उपाय स्वीकारतो, मग तो मेटाल्डिहाइडचा असो (ब्रिटनने त्याचा उघड्यावरचा वापर २०२२ मध्ये बंद केला) किंवा उद्या कुणी देऊ केलेल्या परदेशी भक्षकाचा असो. आणि धोका केवळ दूरच्या बेटांना नाही. सह्याद्रीसह पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दक्षिणेकडच्या जंगलातली लालभडक इंद्रेला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मोरेआची गोष्ट वेगळी ऐकू येईल.

मग करायचे काय? मित्रजीव आणायचे नाहीत, जे आहेत त्यांना राहू द्यायचे. भारद्वाज मोठ्या गोगलगाई फोडून खातो. त्याला दाट झुडूप लागते, आणि आपण शाळेचे आवार ‘स्वच्छ’ करताना पहिल्यांदा तेच काढतो. काजव्याची अळी गोगलगायीला चावून तिच्या अंगात पाचक रस सोडते आणि ती पातळ झाली की शोषते. काजवे पाहायला भंडारदऱ्याला झुंबड उडते, पण पायाखाली येणाऱ्या या अळीकडे कुणाचे लक्ष नसते. भेक लहान बिनशंखी गोगलगाई खातो. हे सारे मिळून वाफा साफ करतील असे मात्र मी म्हणणार नाही. आफ्रिकेतून आलेल्या प्राण्याला ते पुरे पडत नाहीत, हे मराठवाड्यात दिसलेच. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात, अंडी घालण्याआधी, रोज वेचणी केली तरच फरक पडतो. मातीत साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अंडी दिसली तर तीही काढावीत. वेचलेल्या गोगलगाई खड्ड्यात चुन्याखाली पुराव्यात.

एक सूचना मात्र काटेकोर पाळावी. मुलांना उघड्या हातांनी गोगलगाई उचलू देऊ नये. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायीत वाढतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. असे रुग्ण भारतातही नोंदले गेले आहेत. हातमोजे किंवा चिमटा वापरावा, नंतर साबणाने हात धुवावेत आणि वाफ्यातली पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी. ‘नैसर्गिक’ उपायांच्या एकाही यादीत मला ही ओळ आढळली नाही, आणि हा त्या याद्यांवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

टरफलांची परीक्षा कुणालाही घेता येईल. एकसारखे बारा छोटे वाफे, प्रत्येकात एकाच वयाची दहा रोपे. कोणत्या सहा वाफ्यांना टरफले घालायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर चांगली जागा नकळत आपल्या लाडक्या उपायाला मिळते. रोज सकाळी सात वाजता कुरतडलेली रोपे मोजा आणि त्याच वहीत रात्रीचा पाऊस लिहा. पावसाचा रकाना विसरू नका, आमचा घोटाळा तिथेच झाला होता.

आमच्या कुंपणाशी, करंजाच्या बुंध्याजवळ, भारद्वाजाने फोडलेल्या शंखांचा एक ढीग आहे. ती मुलगी आता दहावीत आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर शनिवारी त्यातले आफ्रिकी शंख वेगळे काढतात. उरलेल्यांत तीन आकार असे आहेत, ज्यांची नावे आम्हांला अजून लावता आलेली नाहीत.